व्यायामशिक्षणाचे आचार्य : स्वामी कुवलयानंद

(युसूफ वडगाव, ता. केज, जि. बीड येथील एका निवृत्त शिक्षकाकडून)



आपल्या मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहून द्यावे, अशी सूचना संपादक मंडळींनी केली, तेव्हा कोणाचे चरित्र लिहावे हा विचार मला फार वेळ करावा लागला नाही. आपल्या भागात गेल्या काही वर्षांत पुष्कळ नव्या शाळा उघडल्या. शाळा उघडली की खोल्या किती बांधल्या, छतावर पत्रे घातले की स्लॅब टाकला, निकाल शेकडा किती लागला, याची चौकशी गावकरी अगत्याने करतात. मैदान केवढे आहे आणि त्या मैदानावर वर्गातील प्रत्येक मुलाकडून काय करून घेतले जाते, ही चौकशी मात्र सहसा कोणी करीत नाही. ही चौकशी ज्यांनी आयुष्यभर केली आणि तिचे उत्तर शोधण्यासाठी आपला देह झिजविला, ते स्वामी कुवलयानंद होत. ते आपल्या ज्ञातीचे नव्हते. परंतु ज्याने लेकरांचे कल्याण केले, तो सर्व ज्ञातींचा, अशी माझी समजूत आहे. म्हणून हे चरित्र आपणांपुढे ठेवीत आहे.

स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी तत्कालीन बडोदे संस्थानातील डभोई या गावी एका मराठी कुटुंबात झाला. वडील गणेश लक्ष्मण गुणे हे शिक्षक होते आणि मातोश्रींचे नाव सरस्वतीबाई. घरची स्थिती अगदी बेताची होती. इतरांच्या साहाय्यावर विसंबून शिक्षण पुरे करण्याचा प्रसंग त्यांजवर आला. परंतु बुद्धी तल्लख आणि स्वभाव निग्रही असल्यामुळे त्यांनी गरिबीचे भांडवल कधी केले नाही. १९०३ साली ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि संस्कृत विषयासाठी असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. या शिष्यवृत्तीचा त्या काळी केवढा दबदबा होता, हे जुन्या पिढीतील वाचकांनी आपल्या वडिलांच्या तोंडून ऐकले असेल. खेड्यातील एका शिक्षकाच्या मुलाने ती मिळवावी ही लहान गोष्ट नव्हती.

पुढील शिक्षणासाठी ते बडोदे कॉलेजात दाखल झाले. त्या काळचे बडोदे म्हणजे विद्या व सुधारणा यांचे एक माहेरघरच होते. श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांनी १९०६ साली आपल्या संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सर्वत्र सुरू केले. त्याच कॉलेजात अरविंद घोष हे प्राध्यापक होते आणि १९०६ पर्यंत ते बडोद्यास राहिले. इकडे लोकमान्य टिळकांच्या राजकारणाने तरुणांची मने भारून गेली होती. जगन्नाथरावांच्या मनावर या दोघांचाही खोल संस्कार झाला. आपले आयुष्य लोकसेवेस वाहावयाचे, असा निश्चय त्यांनी केला आणि त्यासाठी आजन्म ब्रह्मचर्याचे व्रत घेतले. हे व्रत त्यांनी अखेरपर्यंत पाळले.

परंतु नुसत्या निश्चयाने देशसेवा होत नाही; तिला साधन लागते. ते साधन त्यांना बडोद्यातील एका आखाड्यात सापडले. जुम्मादादा नावाचे नामांकित उस्ताद बडोद्यात होऊन गेले. त्यांचे शिष्य राजरत्न प्रोफेसर माणिकराव हे त्यांच्या नावे चाललेल्या व्यायामशाळेचे प्रमुख होते. १९०७ ते १९१० या काळात जगन्नाथरावांनी माणिकरावांच्या पायाशी बसून भारतीय व्यायामविद्येचे शिक्षण घेतले.

येथे माणिकरावांच्या कार्याविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण त्यावाचून पुढील कथा समजणार नाही. आपल्याकडे आखाड्याची विद्या फार जुनी. जोर, बैठका, मल्लखांब, मुद्गल, लाठी, कुस्ती हे सर्व आपल्या पूर्वजांस ठाऊक होते. परंतु ही विद्या उस्तादाकडून एकेका शिष्याकडे जात असे. आखाड्याच्या हौद्यात एका वेळी मावणार तरी किती? शिवाय तेथे जाण्याचे धैर्य मुळातच अंगाने भरलेल्या मुलास होई. किडकिडीत मूल दारातूनच परत फिरे. माणिकरावांनी हीच विद्या रांगेत उभ्या असलेल्या शेकडो मुलांस एकाच वेळी कशी शिकविता येईल, याची पद्धती बसविली. सर्वांनी एका ठोक्यावर, एका आज्ञेवर, एकसारखी हालचाल करावयाची. आज्ञाही इंग्रजीत नव्हेत, तर आपल्याच भाषांतील शब्दांत. यास सांघिक व्यायाम म्हणतात. शाळेच्या मैदानावर ५ मिनिटांत रांगा लागतात आणि एक शिक्षक १०० मुलांस व्यायाम देऊ शकतो, याचे बीज येथे आहे. जगन्नाथरावांनी हे बीज आपल्या मनात जपून ठेवले.

शिक्षण संपवून ते खानदेशात अमळनेर येथे आले. बोरी नदीच्या काठचे हे गाव त्या वेळी नव्याने उदयास येत होते. श्रीमंत प्रतापशेठ यांच्या औदार्यामुळे तेथे शिक्षणास मोठा आधार मिळाला होता व १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर ही संस्थाही तेथे निघाली. खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या उभारणीत जगन्नाथरावांनी हातभार लावला आणि १९१६ साली ते तेथील राष्ट्रीय कॉलेजचे प्राचार्य झाले. संस्था नवी, साधने तुटपुंजी, सरकारची नजर वाकडी आणि शिकविणारे तरुण, अशी ती परिस्थिती होती. नवीन शाळा चालविणे म्हणजे काय, हे ज्यांनी अनुभविले आहे, त्यांस त्या दिवसांची कल्पना येईल. या कॉलेजातील राष्ट्रीय वृत्ती ब्रिटिश सरकारला सहन झाली नाही आणि १९२० साली ते बंद करण्यात आले. परंतु १९१६ पासून १९२३ पर्यंत जगन्नाथराव हायस्कूल व कॉलेजच्या विद्यार्थ्यांस भारतीय संस्कृतीचे पाठ देत राहिले. पुढे १९२४ साली याच अमळनेरच्या शाळेत साने गुरुजी शिक्षक म्हणून रुजू झाले, हे वाचकांस ठाऊक असेलच. एकाच गावाने महाराष्ट्रास असे दोन शिक्षक द्यावेत, हे त्या गावाचे भाग्य होय.

अमळनेरच्या वास्तव्यातच त्यांच्या आयुष्यास निराळे वळण लागले. १९१९ साली नर्मदेच्या तीरावरील मालसर येथे परमहंस माधवदासजी या वृद्ध बंगाली योग्यांची व त्यांची भेट झाली. माधवदासजींकडून त्यांनी योगविद्येचे शिक्षण घेतले. माणसे योगाकडे वळतात ती बहुधा संसार सोडण्यासाठी. जगन्नाथराव योगाकडे वळले आणि अधिकच शिक्षक बनले, ही त्यांच्या चरित्रातील ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. या क्रियांनी शरीरात नेमके काय घडते, असा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहिला. गुरूंवर त्यांची पूर्ण श्रद्धा होती. पण मुलांस जे शिकवावयाचे, ते तपासून घेतल्यावाचून शिकवावयाचे नाही, असा त्यांचा बाणा होता.

१९२०-२१ साली बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी आपल्या काही विद्यार्थ्यांच्या साहाय्याने उड्डियान व नौली या क्रियांवर प्रयोग केले. उड्डियानात श्वास पूर्ण सोडून पोट आत व वर ओढले जाते. नौलीत पोटाच्या मधल्या स्नायूंचा गोळा पुढे काढून फिरविला जातो. क्ष-किरणांच्या चित्रांवरून छातीखालील पडदा किती वर उचलला जातो हे त्यांनी पाहिले आणि दाबमापक यंत्रे लावून मोठ्या आतड्यातील दाब मोजला. नौलीच्या वेळी तेथील दाब बाहेरील हवेच्या दाबाहून कमी होतो, असे त्यांस आढळून आले. या निर्वाततेस त्यांनी आपल्या गुरूंचे नाव दिले. गुरुदक्षिणा देण्याची ही रीत नवीनच म्हणावयाची! ज्या काळी योगी म्हटला की चमत्कार आणि डॉक्टर म्हटला की थट्टा, असा प्रकार होता, त्या काळी एका संस्कृतच्या शिक्षकाने हे धाडस केले.

१९२४ च्या ऑक्टोबर महिन्यात त्यांनी लोणावळे येथे कैवल्यधाम या आश्रमाची स्थापना केली. आता ते स्वामी कुवलयानंद या नावाने ओळखले जाऊ लागले. त्याच वर्षी योगमीमांसा हे त्रैमासिक त्यांनी काढले आणि प्रयोगांचे निष्कर्ष जगापुढे मांडण्यास आरंभ केला. सर्वांगासन व मत्स्यासन यांत रक्तदाब किती वाढतो, प्राणायामात प्राणवायू किती घेतला जातो, अशा गोष्टी तेथे मोजल्या जाऊ लागल्या. प्राणायामाने शरीरात प्राणवायूचा मोठा साठा होतो, असा तेव्हाही लोकांचा समज होता व पुष्कळांचा आजही आहे. स्वामीजींनी हा समज तपासला आणि तो बरोबर नसल्याचे मोकळेपणाने लिहिले. प्राणायामाचा लाभ आहे, पण तो या कारणाने नव्हे, असे त्यांचे म्हणणे. आपल्याच विद्येविषयीचा सोयीचा गैरसमज खोडून काढावयास मोठे मन लागते. १९२७ साली महात्मा गांधींनी आपल्या प्रकृतीसंबंधी त्यांचा सल्ला घेतला, यावरून त्यांच्याविषयी लोकांत उत्पन्न झालेला विश्वास दिसून येतो. १९३१ साली त्यांची आसने व प्राणायाम यांवरील पुस्तके प्रसिद्ध झाली आणि १९३२ साली मुंबईस कैवल्यधामाची शाखा निघाली.

तो काळच महाराष्ट्रात व्यायामाच्या पुनरुज्जीवनाचा होता. अमरावतीस १९१४ पासून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे कार्य चालू होते. १९३६ साली या मंडळाच्या खेळाडूंनी बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी आपले देशी खेळ जगास दाखविले. पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी १९२४ सालीच महाराष्ट्रीय मंडळ स्थापिले. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचा प्रसार करीत होते. खो-खो व हुतुतू या आपल्या मातीतील खेळांचे नियमही याच काळात पुणे व बडोदे येथील संस्थांनी लेखी स्वरूपात बसविले. या थोर मंडळींच्या मालिकेत स्वामीजींचे वेगळेपण कोणते? माझ्या अल्पमतीप्रमाणे ते असे, की त्यांनी आपली दृष्टी सतत शाळेच्या वर्गावर ठेवली. व्यायामशाळेत मूल आपल्या पायांनी येते. ज्याला हौस असते तेच येते. शाळेत मात्र सर्वच येतात. धष्टपुष्ट येतात, तसे दुबळेही येतात. धीट येतात, तसे लाजाळूही येतात. म्हणून राष्ट्राचे शरीर सुधारावयाचे असेल तर ते शाळेतच सुधारता येईल, हा विचार त्यांच्या पुढील सर्व कार्याच्या मुळाशी आहे.

१९३६ साली त्यांचे यौगिक संघव्यायाम हे पुस्तक निघाले. माणिकरावांच्या आखाड्यात मिळालेले बीज येथे अंकुरलेले दिसते. आसन म्हणजे एकान्तात, गुरूसमोर, एकट्याने करावयाची गोष्ट, अशी रूढ कल्पना होती. स्वामीजींनी सोपी व निर्धोक आसने निवडून, त्यांचे टप्पे पाडून, प्रत्येक टप्प्यास आज्ञा ठरवून ती संपूर्ण वर्गाकडून एकत्र करून घेण्याची रीत घालून दिली. यासाठी उपकरण लागत नाही, हौदा लागत नाही, फार तर अंथरावयास एखादे पटकूर लागते. गरीब देशातील गरीब शाळेस परवडेल असा हा व्यायाम होता. मुंबई इलाख्याप्रमाणेच संयुक्त प्रांतातील, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशातील शाळांतही १९३० नंतरच्या दशकात त्यांच्या मार्गदर्शनाने यौगिक व्यायामाचा प्रवेश झाला.

१९३७ साली मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले. शाळांतील शारीरिक शिक्षणाचा विचार करण्यासाठी सरकारने समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद स्वामीजींकडे दिले. त्यापूर्वी १९२७ साली कन्हैयालाल मुनशी यांच्या अध्यक्षतेखाली अशीच एक समिती नेमली गेली होती. परंतु अभ्यासक्रम कागदावर लिहिणे निराळे आणि तो शिकविणारा माणूस उभा करणे निराळे. १९३८ साली मुंबईजवळ कांदिवली येथे शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसाठी सरकारी प्रशिक्षण संस्था निघाली. तिचे पहिले प्राचार्य पी. एम. जोसेफ हे होते; हेच गृहस्थ पुढे १९५७ साली ग्वाल्हेर येथे निघालेल्या लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण महाविद्यालयाचेही पहिले प्राचार्य झाले. कांदिवलीच्या संस्थेमुळे एक मोठी गोष्ट घडली. तोपर्यंत शाळेतील कवायतीचे काम बहुधा लष्करातून निवृत्त झालेल्या हवालदाराकडे किंवा ज्याला दुसरा विषय शिकविता येत नाही अशा मास्तरांकडे असे. आता पदवीधर माणूस शरीररचना, आहार, खेळांचे नियम, अध्यापनाची पद्धती हे सर्व शिकून मैदानावर उभा राहू लागला. व्यायामाचा शिक्षक हा गणिताच्या शिक्षकाइतकाच शिक्षक आहे, हा मान त्याला मिळू लागला.

१९४५ साली मुंबई सरकारने शारीरिक शिक्षणासंबंधी पुन्हा समिती नेमली, तेव्हाही अध्यक्ष स्वामीजीच होते. स्वातंत्र्यानंतर १९५० साली कैवल्यधामात योगाचे महाविद्यालय निघाले. आश्रम, प्रयोगशाळा, ग्रंथसंशोधन आणि शिक्षण अशा चारही आघाड्यांवर ते वार्धक्यातही काम करीत राहिले. १८ एप्रिल १९६६ रोजी वयाच्या ८३ व्या वर्षी त्यांनी देह ठेवला. त्यांच्यामागे आश्रमाची धुरा स्वामी दिगंबरजींनी सांभाळली. कैवल्यधामाने २०२४ साली आपली १०० वर्षे पूर्ण केली. २०१५ पासून २१ जून हा दिवस आंतरराष्ट्रीय योगदिन म्हणून जगभर पाळला जातो. त्या दिवशी सारे जग ज्या रीतीने रांगेत बसून एका आज्ञेवर आसने करते, त्या रीतीमागे या मराठी शिक्षकाचे श्रम आहेत, हे किती जणांस ठाऊक असेल?

असो. आता आपल्या मराठवाड्याकडे वळू. स्वामीजींचे शाळांसाठीचे कार्य झाले ते मुंबई इलाख्यात, आणि आपला बीड जिल्हा त्या वेळी होता निजामाच्या राज्यात. येथे मराठी शाळाच मुळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, मग मैदानाची व व्यायामशिक्षकाची कथा काय? १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. इतर भागांत जे २० वर्षांपूर्वी रुजले होते, ते आपल्याकडे तेव्हा कोठे पोहोचू लागले. गावातील तालमी होत्या, नागपंचमीस व जत्रेत कुस्त्या होत. परंतु शाळेतील व्यायाम ही गोष्ट आपल्या वडीलधाऱ्यांच्या पिढीस अपरिचित होती. म्हणूनच खेळाचा तास म्हणजे मोकळा तास, ही समजूत आपल्याकडे इतकी घट्ट बसली आहे. हा आपल्या मुलांचा दोष नव्हे. पण तो दूर न करणे हा मात्र आपला दोष होईल.

येथे प्रस्तुत लेखकास स्वतःची एक चूक कबूल करावयाची आहे. चरित्र लिहिताना स्वतःविषयी लिहू नये हा शिष्टाचार मला ठाऊक आहे. तरीही क्षमा असावी.

सुमारे ४० वर्षांपूर्वी मी आमच्या भागातील एका नव्याने उघडलेल्या शाळेत शिक्षक होतो. मैदान म्हणून जी जागा मिळाली होती ती काळ्या मातीची. पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा. गावकऱ्यांनी श्रमदान केले, बैलगाड्यांनी मुरूम आणून टाकला आणि मुलांनी दगडगोटे वेचले. त्यावर फक्की टाकून कबड्डीचे मैदान आखले, तेव्हा आम्हा सर्वांस किती आनंद झाला म्हणून सांगू! मी अंगापिंडाने मजबूत अशी १२ मुले निवडली. रोज सकाळ-संध्याकाळ त्यांजकडून मेहनत करून घेतली. दोन वर्षांत तालुक्याच्या सामन्यांत आम्ही ढाल जिंकली. हलग्या वाजवीत गावातून मिरवणूक निघाली, मलाही हार घातला गेला आणि नव्या शाळेचे नाव झाले.

त्या शाळेत १०० हून अधिक मुले होती. १२ मुले खेळत आणि बाकीची कडेला बसून पाहत. त्यांत एक हडकुळा मुलगा होता. धावले की त्याला धाप लागे. मी त्याला खेळणाऱ्यांचे सदरे सांभाळण्याचे काम दिले होते, आणि आपण त्यालाही काही काम दिले, असे समाधान मानीत होतो. तो ते काम अगदी मन लावून करी. त्याचे आईवडील दसरा-दिवाळीनंतर मुकादमाच्या टोळीबरोबर ऊसतोडीस जात. एका वर्षी तेही लेकरू कोयत्याबरोबर गेले ते शाळेत परत आले नाही. मुलांच्या शाळा सुटण्यास पुष्कळ कारणे असतात, हे मी जाणतो. पण शाळेने त्याला धरून ठेवावे असे तिच्यापाशी काही होते काय? मैदानावर त्याच्यासाठी मी काय ठेवले होते? दुसऱ्याचा सदरा, एवढेच.

पुढे एका प्रशिक्षण वर्गात एका वृद्ध शिक्षकांनी आम्हांस स्वामीजींच्या संघव्यायामाची ओळख करून दिली आणि त्यांचे चरित्र सांगितले. ते ऐकत असता माझी मान खाली गेली. ज्या मुलासाठी त्या महापुरुषाने क्ष-किरण लावले, पुस्तके लिहिली, समित्यांवर काम केले, तो मुलगा माझ्यासमोर दोन वर्षे बसला होता आणि मला तो दिसला नव्हता. शाळेत परत आल्यावर मी वेळापत्रक बदलले. प्रार्थनेनंतर सर्व वर्गांनी रांगेत उभे राहून २० मिनिटे व्यायाम करावयाचा, असे ठरविले. उभ्याने हात-पाय मोकळे करणे, जोर-बैठका ज्याच्या त्याच्या शक्तीप्रमाणे, सूर्यनमस्कार आणि नंतर भुजंगासन, वक्रासन अशी काही सोपी आसने. लेझमीचे जोड लोकवर्गणीतून आले. आठवड्यातून दोन दिवस खो-खो, कबड्डी व लंगडी. पण संघ पाडताना चांगले-वाईट सारखे वाटून, आणि मुलींचे संघ वेगळे. दर तीन महिन्यांनी प्रत्येकाची उंची, वजन आणि छातीचा घेर फुगवून व न फुगवता मोजून वहीत लिहावयाचा. स्वामीजींची मोजण्याची रीत मी एवढ्यापुरती उचलली. ढाल नंतर काही वर्षे आमच्याकडे आली नाही, याबद्दल गावात बोलणीही खावी लागली. परंतु कडेला बसणारी मुले उरली नाहीत. हंगामानंतर परत येणारी मुले आल्या दिवसापासून रांगेत उभी राहू शकत, कारण त्या रांगेत निवड नव्हती.

मी सामन्यांच्या विरुद्ध नाही. सामन्यांनी मुलांस ईर्षा येते, हार पचविण्याची सवय लागते आणि गाव शाळेशी जोडले जाते. निवडक मुलांस अधिक शिकवावे, त्यांनी जिल्ह्यास व राज्यास जावे, यात आनंदच आहे. परंतु आधी सर्वांचा व्यायाम आणि मग निवडकांची स्पर्धा, हा क्रम आहे. मी तो उलटा केला होता. कळसाचे काम आधी काढले आणि पाया तसाच ठेवला.

आपल्या ज्ञातीतील पालकांस व शाळा समित्यांवर काम करणाऱ्या बांधवांस या चरित्राच्या निमित्ताने चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, नवीन शाळेचा आराखडा करताना मैदानाची जागा आधी राखावी, खोल्या मागाहून वाढविता येतात. मैदान मात्र एकदा गेले की पुन्हा मिळत नाही. दुसरी, व्यायामशिक्षक प्रशिक्षित असावा आणि त्याला कारकुनी व इतर किरकोळ कामांत गुंतवू नये. तिसरी, दहावीचे वर्ष आले म्हणून मुलाचा, आणि वयात आली म्हणून मुलीचा, खेळाचा तास बंद करू नये. चौथी, ऊसतोडीच्या हंगामात आईवडिलांमागे गावात राहणाऱ्या लेकरांसाठी जी हंगामी वसतिगृहे चालतात, तेथेही सकाळी अर्धा तास मैदानावर काढण्याची व्यवस्था असावी. आईबापांपासून दूर असलेल्या मुलाचे मन रांगेत, सोबत्यांच्या खांद्यास खांदा लावून उभे राहिले की रमते, असा माझा अनुभव आहे.

मी काही विद्वान नव्हे. मॅट्रिक होऊन मास्तरकीत आयुष्य घालविलेला एक साधा माणूस आहे. स्वामीजींच्या योगशास्त्राची उंची सांगणे माझ्या आवाक्याबाहेरचे आहे. मला त्यांच्यातील शिक्षक दिसला तेवढा येथे मांडला. ८२ वर्षांच्या आयुष्यात त्यांनी घर केले नाही, संसार केला नाही. पण देशातील शाळाशाळांतून रांगेत उभे राहणारे प्रत्येक मूल हे त्यांचेच लेकरू म्हणावयास हवे.

येत्या स्नेहसंमेलनात आपल्या मुलांच्या बक्षिसांची यादी वाचली जाईल, टाळ्या पडतील. त्या वेळी आपण आपल्या गावच्या शाळेतील गुरुजींस एवढेच विचारावे, की खेळाच्या तासास कडेला किती मुले बसतात? ही संख्या शून्यावर आली, तर स्वामी कुवलयानंदांचे खरे स्मारक आपल्या गावी उभे राहिले, असे मी समजेन. परमेश्वर आपल्या सर्व लेकरांस निरोगी दीर्घायुष्य देवो, ही प्रार्थना करून हे अल्प निवेदन येथेच पुरे करतो.